हाडांची हिरवी फाईल

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे आमच्या घराचं एकच कार्ड होतं. पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं, पिवळट, कडा मऊ पडलेलं. वर आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं नाव, आणि त्याखाली घरातल्या सगळ्यांचं सगळं एकाखाली एक. माझ्या कांजिण्या, त्याखाली आईचा बीपी, त्याखाली कारखान्यात आण्णांच्या बोटाला पडलेले टाके. जागा संपली की डॉक्टर नवं कार्ड घेऊन जुन्याला टाचणीनं जोडायचे. शेवटी त्या कार्डांचा एक छोटासा गठ्ठाच झाला होता.

मला त्या कार्डाची लाज वाटायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते बरंचसं त्या लाजेतून झालं.

दवाखाना म्हणजे डॉक्टरांच्याच घराची पुढची खोली. दोन बाकडी, एक पडदा, पडद्यामागं टेबल. डॉक्टरांच्या घरात कानडी बोलत, आमच्याशी मराठी, आणि पलीकडच्या गल्लीतले विणकर आले की तेलुगू. ते तपासायच्या आधी भलतंच काहीतरी विचारत बसायचे. आण्णांना विचारायचे, "रात्रपाळी आहे का अजून?" आईला विचारायचे, "अक्का, काल किती थापल्या?"

आई कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून दुकानांना देते. आण्णा टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत. दोघं सांगोल्याकडची, माझ्या जन्माआधी सोलापुरात आली. आण्णांची शाळा सातवीत सुटली, आईची चौथीत. कॉलेजचं तोंड बघणारी घरातली मी पहिली. बी.एस्सी.ला प्रवेश घेतला तेव्हापासून लाईटचं बिल, रेशनचा फॉर्म, औषधाच्या पाकिटावरचं बारीक इंग्रजी, सगळं माझ्याकडं आलं. इंग्रजी वाचता येतं म्हणजे आतलंही कळतं असं घरात धरून चाललेलं होतं. खरं सांगायचं तर हळूहळू मीही तसंच धरून चालायला लागले होते.

दुसऱ्या वर्षाला असताना आईचा उजवा गुडघा सुजला. शेगडीपुढं उकिडवं बसून रोज शंभराच्या वर भाकऱ्या थापायच्या, त्याचं ते होतं. मी तिला घेऊन डॉक्टरांकडं गेले.

"दुखण्याची गोळी द्या की डॉक्टर. लई ठणकतंय," आई म्हणाली.

डॉक्टरांनी कार्ड उलटंपालटं केलं. "ती तुम्हाला द्यायची नाही. मागं एकदा दिली होती, आठवतंय ना? पाय कसे सुजून आले होते?"

"व्हय. चपलंत मावत नव्हते."

"मग? तापाची साधी गोळी देतो, तेवढीच चालेल. शेक घ्या. आणि ओट्याचं काय झालं? किती वेळा सांगितलं, शेगडी वर घ्या, उभ्यानं थापा."

"उभ्यानं थापलेली भाकरी पातळ येत न्हाय डॉक्टर. मनगटाचा भार बसत न्हाय."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्याच म्हन्त्यात की."

"सगळ्यांचे गुडघे पण माझ्याकडंच येतात की, अक्का."

आई हसली. बाकड्यावरचे दोघंतिघंही हसले. मला हसू आलं नाही. गुडघा एवढा सुजलेला आणि इथं भाकरीच्या गप्पा. मी धीर करून विचारलं, "सर, एक्स-रे नको का काढायला?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "काढता येईल. झीज दिसेल. मग काय करायचं?"

मला वाटलं, यांच्याकडं उत्तर नाही म्हणून हे मलाच विचारतायत. मग ते म्हणाले, "कॉलेजला जातेस ना? चांगलं आहे." तेही मला टोमण्यासारखं लागलं. आज वाटतं, टोमणा नसावाही. आम्ही निघताना त्यांनी नेहमीसारखा आईच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला, खड्डा पडतो का बघितलं आणि कार्डावर काहीतरी लिहिलं. असलं अंगठ्यानं तपासणं मला अडाणीपणाचं वाटायचं. माझ्या वर्गातल्या मुलींचे डॉक्टर मशीनवर बघायचे.

आठवड्यानं आईला घेऊन मी शहरातल्या हाडांच्या मोठ्या दवाखान्यात गेले. आण्णांना आधी सांगितलं. ते म्हणाले, "तुला कळतंय त्यातलं. घिऊन जा."

तिथं एक्स-रे झाला. डॉक्टरांनी तो दिव्यापुढं धरला आणि फिल्मवरची नजर न काढता विचारलं, "इतर काही आजार?"

आई म्हणाली, "बीपी हाय. आन् त्या दुखन्याच्या गोळीनं मला मागं…"

मी तिच्या हातावर हात ठेवला. "बीपी कंट्रोलमध्ये आहे, सर," मी म्हणाले.

मी तिला का थांबवलं हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. ती आता चपलेची गोष्ट सांगणार, गल्लीतले डॉक्टर काय म्हणाले ते सांगणार, आणि या थंडगार खोलीत आम्ही दोघी गावंढळ ठरणार, एवढंच त्या क्षणी माझ्या मनात होतं. डॉक्टरांनी मान हलवली आणि गोळ्या लिहिल्या. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. आईचं वाक्य अर्धं राहिलंय हे त्या खोलीत तिघांनाही ऐकू आलं असणार.

बाहेर काउंटरवरच्या बाईंनी माझ्या हातातल्या पिशवीत डोकावून बघितलं. पिशवीत आईचे जुने-नवे सगळे कागद कोंबलेले होते. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी एवढं सगळं आणू नका हं. साहेबांना वेळ नसतो. हाडांचं तेवढं द्या."

मी घरी जाताना वाटेत स्टेशनरीच्या दुकानातून प्लास्टिकची फाईल घेतली. हिरवी हाडांची. पुढं लागल्या तशा आणखी आल्या, पिवळी पोटाची, लाल बीपीची. प्रत्येकीवर पांढरी पट्टी चिकटवून मी सुवाच्य अक्षरात नाव घातलं, आत कागद तारखेनुसार लावले. आण्णा शेजाऱ्यांना त्या फायली दाखवायचे. "हाफिसातल्यासारखं ठेवलंय बगा पोरीनं."

आणि गोळीनं गुण आला, हेही खरं आहे. चौथ्या दिवशी आई भिंतीचा आधार न घेता उठली. नाक्यापर्यंत चालून आली. तिनं गल्लीत चार बायकांना सांगितलं, "माझ्या पोरीनं मला पाय दिले." दर भेटीला हाडांचे डॉक्टर विचारायचे, "दुखणं कमी आहे ना?" आई व्हय म्हणायची. "मग चालू ठेवा." आम्ही चालू ठेवलं. त्या काळात मी जितकी खूश होते तितकी नंतर झाले नाही. आपण शिकलो ते कुणाच्या तरी उपयोगी पडलं असं वाटायचं.

दोन-तीन महिन्यांनी आईचं पोट जळायला लागलं. पोटाच्या डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत? मी म्हणाले, "हाडांच्या आहेत, सर. त्याची फाईल वेगळी आहे, घरी आहे." ते म्हणाले, पुढच्या वेळी आणा. पुढच्या वेळी मी विसरले आणि त्यांनीही विचारलं नाही. जळजळ थांबली होती.

मग बीपी वाढला. इतकी वर्षं गल्लीतल्या डॉक्टरांची एक पांढरी गोळी पुरत होती, ती आता पुरेना. मला यात त्यांचीच चूक दिसली. एवढी वर्षं जुनाट गोळी देत बसले म्हणून असं झालं, असं मी आण्णांना समजावून सांगितलं. बीपीच्या डॉक्टरांनी नवी गोळी दिली, मग त्यात आणखी एक, लघवी जास्त होण्याची. मी प्रत्येक ठिकाणी त्या त्या रंगाची फाईल घेऊन जायचे. कुणाचा वेळ घेतला नाही. आमचं कौतुक व्हायचं. एक डॉक्टर म्हणाले होते, सगळ्या पेशंटनी असे कागद आणले तर काम किती सोपं होईल.

गल्लीतल्या डॉक्टरांकडं जाणं बंदच झालं. रस्त्यात दिसले तर मी दुसरीकडं बघायचे. आई मात्र थांबायची. एकदा त्यांनी विचारलं, "काय अक्का, गुडघा?" आई म्हणाली, "बरा हाय की डॉक्टर. मोट्या दवाखान्यात जातो आता." ते म्हणाले, "बरं बरं," आणि निघून गेले.

एके दिवशी आई मोरीच्या कट्ट्यावर बसून पायाची बोटं साबणानं चोळत होती. जोडवी निघत नव्हती. शेवटी निघाली, पण बोटं लाल झाली. तिनं नडगीवर अंगठा दाबला आणि मला हाक मारली.

"हे बग गं. खड्डा पडतूय."

"उभी असतेस ना दिवसभर," मी म्हणाले. माझी परीक्षा जवळ आली होती.

"उभी कुटं असती मी? बसूनच थापती की." थोड्या वेळानं ती पुटपुटली, "ते डॉक्टर असंच दाबून बगायचे."

"त्यांना काय कळतंय, आई?"

हे मी म्हणाले. हे माझंच वाक्य आहे.

चटणीमुळं कळलं. आई चटणी चाखूनच मीठ ठरवते, मापानं कधी घातलं नाही. एका दुकानदारानं सगळी पाकिटं परत पाठवली. निरोप आला, मावशी, मिठाचा गोळा झालाय. आण्णांनी चिमूटभर तोंडात टाकली आणि थुंकले. आईनं पुन्हा चाखली, पुन्हा चाखली. तिला ती अळणी लागत होती. "तोंडाला चवच न्हाय," ती म्हणाली. "पंधरा दीस झालं. तोंडात लोखंड धरल्यागत लागतंय." त्या आठवड्यात तिला जेवण नको झालं, उलट्या सुरू झाल्या. रक्त तपासलं. लॅबमधल्या माणसानं रिपोर्ट हातात देताना सांगितलं, "आजच दाखवा. किडनीच्या डॉक्टरांना."

तिथं न्यायला माझ्याकडं फाईल नव्हती. मी नवी घ्यायलाही थांबले नाही. होतं ते सगळं पिशवीत टाकलं, तिन्ही फायली, गोळ्यांच्या पट्ट्या, आणि निघालो.

किडनीच्या डॉक्टर बाईंनी पिशवी टेबलावर पालथी केली. पट्ट्या एकेक उचलून त्या बाजूला ठेवत गेल्या. हिरव्या फाईलमधली दुखण्याची गोळी उचलली आणि विचारलं, "ही किती दिवस?"

"दिवस नाही, मॅडम. महिने झाले."

"या सगळ्या गोळ्या डॉक्टरांनी बघितल्यात?"

"हो. तिघांनी."

"एकत्र?"

त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. कागदाच्या मागच्या बाजूला त्यांनी बाण काढून मला समजावलं. त्या गोळीनं पोट जळलं, त्यावर गोळी आली. त्याच गोळीनं बीपी चढला, त्यावर आणखी दोन आल्या. त्या दोन आणि ही, तिन्ही मिळून बहुधा आधीच नाजूक असलेल्या किडनीवर बसल्या. प्रत्येक डॉक्टरनं आपल्या समोरचं दुरुस्त केलं होतं. मूळ मात्र हिरव्या फाईलमध्ये होतं, आणि ती मी हाडांचा दवाखाना सोडून दुसरीकडं कुठं नेलीच नव्हती.

आई आठ दिवस दवाखान्यात होती. काही सुधारलं, सगळं सुधारलं नाही. किडनीचं अर्ध्याहून जास्त काम गेलंय आणि ते परत येत नाही, असं सांगण्यात आलं. उरलेलं सांभाळायचं. ते टिकलं तर ठीक, नाही टिकलं तर मशीन, म्हणजे डायलिसिस. आईनं विचारलं, "म्हंजे किती वरीस?" डॉक्टर बाई म्हणाल्या, "ते सांभाळण्यावर आहे." आईनं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती नेहमीसारखंच बघत होती, आता हिला काय ते कळलं असेल, घरी गेल्यावर सांगेल, अशा नजरेनं.

डॉक्टर बाईंनी जुने कागद मागितले होते, किडनी आधीपासून कशी होती ते बघायला. म्हणून मी गल्लीतल्या दवाखान्यात गेले. बाकड्यावर एकच म्हातारे बसले होते. पूर्वी दाराबाहेर चपला मावायच्या नाहीत.

डॉक्टरांनी मी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं. उठले, लाकडी कपाटातून कार्डांचा तो गठ्ठा काढला आणि माझ्यासमोर उलगडला. आईच्या नावापुढं लाल शाईत लिहिलं होतं, दुखण्याच्या गोळ्या देऊ नयेत. त्याखाली निळ्या शाईत कारणं. पाय सुजले. लघवीत प्रथिनं. आईच्या आईला किडनीचा त्रास होता. आणि सगळ्यात खाली, आम्ही शेवटचं गेलो होतो त्या दिवसाची नोंद: ओटा अजून नाही.

आजीला किडनीचा त्रास होता हे मला माहीत नव्हतं. ती माझ्या जन्माआधीच सांगोल्याला वारली. एक्स-रे नाही म्हणून मी ज्यांना कमी समजत होते, त्यांना माझ्या आजीचं दुखणं माहीत होतं.

"तुम्ही आम्हाला सांगायला का नाही आलात?" मी विचारलं. विचारताना माझा आवाज चढला. मला कुणावर तरी चिडायचं होतं.

त्यांनी टाचणी काढली आणि पुन्हा कार्डांना लावली. "तुमच्या दारावरून रोज जातो मी," ते म्हणाले. "एकदा आत यायला पाहिजे होतं. पण गेलेल्या पेशंटच्या मागं डॉक्टर जात नाही, अशी आमच्यात पद्धत आहे. पद्धत कसली, मान असतो." मग म्हणाले, "अक्कांनी मोठा दवाखाना म्हटलं तेव्हा मला राग आला होता. तू आलीयस म्हणून खरं सांगतो."

मी कार्ड फोटो काढून परत देणार होते. ते म्हणाले, घेऊन जा. दवाखाना दिवाळीनंतर बंद करतायत. त्यांची मुलगी पुण्यात डोळ्यांची डॉक्टर आहे. "ती इथं येऊन काय करणार? तिला नडगी दाबायला कुणी शिकवलं नाही," असं म्हणून ते थोडंसं हसले.

माझी शाळेतली एक मैत्रीण मेडिकलला आहे. तिला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, याचीही आता वेगळी पदवी असते. फॅमिली मेडिसिन म्हणतात. पहिल्यांदा ज्याच्याकडं जायचं, त्यानं माणूस सगळा बघायचा, घर बघायचं, काम बघायचं, गरज असेल तरच पुढं पाठवायचं, आणि पाठवल्यावरही हात सोडायचा नाही. अख्खी प्राथमिक सेवा त्यावर उभी असते, असं त्यांना शिकवतात. मी विचारलं, तू घेणार का ती? ती म्हणाली, "वेडी आहेस का? घरचे मारतील. एमबीबीएस होऊन परत गल्लीतच बसायचं?"

मी तिला काय बोलणार? मला तरी कुठं कळलं होतं? ते डॉक्टर दुसरं काही जमलं नाही म्हणून तिथं बसलेत, असंच मला वाटायचं. मोठ्या डॉक्टरांकडं जाणं चूक होतं असंही मी म्हणत नाही. गुडघा दाखवायलाच हवा होता. पण तिथून कागद घेऊन परत त्या बाकड्यावर यायचं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

आता मी ते कार्ड प्रत्येक ठिकाणी नेते. बहुतेक जण बघत नाहीत. परवा एका तरुण डॉक्टरांनी ते दोन बोटांनी बाजूला सरकवलं. "हे काय आहे? रिपोर्ट दाखवा." मी ते पुन्हा त्यांच्यापुढं सरकवलं. माझे कान गरम झाले होते. मी म्हणाले, "सर, लाल शाईतलं तेवढं वाचा." आई शेजारी बसली होती. या वेळी तिचं वाक्य तिनं पूर्ण केलं. चपलेसकट.

ओटा आण्णांनी एका रविवारी केला. शेजारच्या बांधकामावरच्या उरलेल्या विटा, थोडं सिमेंट, वर एक फरशी. सकाळी सुरुवात केली, जेवायच्या वेळेला झाला होता. अर्ध्या दिवसाचं काम. सुकल्यावर आईनं उभं राहून पहिली भाकरी थापली, भाजून कडक केली, उजेडाकडं धरली. पातळ होती. तिनं ती आण्णांना दिली. आण्णांनी मोडली.

आता ती दिवसाला वीस-पंचवीसच करते. चटणी आण्णा चाखतात. गुडघा दुखतोच, आणि त्याला देण्यासारखं आमच्याकडं शेक आणि तापाची गोळी एवढंच आहे.

रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी मी तिच्यापुढं बसते आणि नडगीवर अंगठा दाबते. मनात पाचपर्यंत मोजते, उचलते.

"भरला का गं?" ती विचारते.

"भरतोय."

"कालच्यापरीस?"

मी अजून बघत असते. "जरा वेळ लागतोय, आई," मी म्हणते. तिला खोटं सांगायचं नाही, एवढंच मी ठरवलंय.